फियाट पुढून खाली बसवायची आहे? आधी ढिलेपणा काढा

जुनी फियाट नव्यानं घेतलेला कुणी भेटला की रंग कुठला मारायचा, इंजिन कुणाकडून बांधून घ्यायचं एवढं बोलणं होतं आणि तिसरं वाक्य ठरलेलं असतं : "पुढनं जरा बसवायची आहे." ती हौस मला कळते. पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाटच, बाजूनं बघितली की पुढच्या टायरवर अख्खा पंजा मावेल एवढी पोकळी दिसते आणि डोळ्यांना खुपते. पण स्वतःच्या आणि मित्रांच्या फियाटखाली झोपून बरेच रविवार घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय. उंची हे शेवटचं काम. जुन्या गाडीचं पुढचं अंग सुधारतं ते तिच्यातला ढिलेपणा काढल्यानं. किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती उभी पिन) वाजतोय, जोडांतले रबरी बुश फुटलेत, शॉकअप रिकामे झालेत आणि वर स्प्रिंग आखूड केली, तर वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त घाबरवते.

म्हणून सगळं त्याच क्रमानं सांगतो. उदाहरण फियाट ११०० चं. ही गाडी १९५३ साली इटलीत आली. साठच्या दशकात आपल्याकडे ती डिलाइट नावानं फिरली, सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. नावं बदलली तरी पुढची रचना तीच राहिली : वर एक आर्म, खाली एक आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे, वर-खाली हलणारे दांडे), कॉइल स्प्रिंग, किंगपिन. मागे कमानपाटे. अँबॅसिडरवाल्यांनी मापं, किंगपिन, अलाइनमेंट यांवरचं वाचावं, स्प्रिंगचं सोडून द्यावं. त्यांच्या पुढच्या बाजूला कॉइल नसतेच, लांब टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असतो आणि उंची त्याच्या मागच्या टोकाला बदलतात.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्यात जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळे नियम आले : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली खाजगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. तेव्हा चेसिसला गॅस लावायचा नाही, क्रॉसमेंबर (चेसिसची आडवी तुळई) कापायचा नाही, आर्मची जागा वेल्डिंगनं हलवायची नाही. नट-बोल्ट सोडून गाडी परत मूळ रूपात आणता येईल एवढंच करायचं. काढलेल्या मूळ स्प्रिंगा ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, डावी-उजवीची चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवा. दसरा चौकात संस्थानची जुनी मेबॅक मोटार बघत मोठे झालेल्या आपल्या कोल्हापूरला जुन्या गाडीची अदब वेगळी सांगायला नको. आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमेवाल्याकडे एकदा विचारून या.

वही, खडू आणि सपाट जागा

काहीही सोडण्याआधी मापं घ्यायची. जागा सपाट हवी. फरशीवर पाणी ओतून बघा, ते एका बाजूला पळालं तर ती जागा बाद. टायरची हवा चारी चाकांत बरोबर करा, डिकीतलं सामान काढा, पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा. गाडी दोन-तीन वेळा पुढे-मागे ढकला आणि पुढचं मडगार्ड दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी येईल.

मग चाकाच्या मधोमध, हबच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. चारी चाकांचं. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, कारण टायरची झीज आणि हवा त्या मापात शिरते. शिवाय गाडीखालचा सगळ्यात खालचा भाग कोणता ते शोधा. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) असेल, क्रॉसमेंबर असेल किंवा सायलेन्सरचा पाइप असेल. त्याचं जमिनीपासूनचं अंतर वेगळं लिहा. पुढचा सगळा हिशोब या एका आकड्यावर अवलंबून आहे.

डाव्या-उजव्यात सात-आठ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर थांबा. एक स्प्रिंग थकलेली असेल, मागचा पाटा मोडलेला असेल किंवा गाडी कधीतरी ठोकलेली असेल. ते कारण सापडेपर्यंत खाली बसवण्याचा विषय काढायचा नाही.

किंगपिन

या गाडीच्या पुढच्या भागात सगळ्यात जास्त दुर्लक्ष किंगपिनचं होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं चाक जॅकवर घ्या आणि चेसिसखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. आता चाक वर आणि खाली धरा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आणि आत-बाहेर हलवा. जुन्या फियाटमध्ये बहुतेक वेळा टक-टक असा आवाज येतोच. आवाज कुठला हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलेपणा चाकाच्या बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही चाक हलतंय तर तो किंगपिनचा किंवा आर्मच्या जोडांचा. मग स्वतः खाली वाकून, बॅटरी मारून बघा : स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) आणि त्याला धरणारा उभा भाग यांच्यामध्ये फट उघडते-मिटते का. उघडत असेल तर किंगपिन गेला.

चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं आणि तेव्हाच वाजलं तर स्टिअरिंगच्या जोडांकडे, म्हणजे टायरॉड एंड, आयडलर किंवा स्टिअरिंग बॉक्सकडे बघा.

किंगपिनचा संच आजही मिळतो. खरं कौशल्य पिन ज्यात बसते त्या बुशला रीमर मारण्यात, म्हणजे त्याचं भोक आतून घासून मापात आणण्यात आहे. वरचा आणि खालचा बुश वेगवेगळा मारला तर दोन्हींची रेष जुळत नाही; पिन बसते, पण स्टिअरिंग जड होतं आणि वर्षभरात पुन्हा ढिलं पडतं. लांब रीमर एका दमात दोन्ही बुशमधून गेला पाहिजे. शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे हात आहेत, ओतकाम आणि लेथवर वाढलेलं हे गाव आहे. मी पहिल्यांदा स्टब ॲक्सल घेऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी पिनीला तेलाचा थेंब लावला, बुशमध्ये उभी धरली आणि सोडून दिली. पिन जागेवर थांबली. मग अंगठ्यानं हलकं दाबलं, तशी ती सावकाश खाली गेली. म्हणाले, "आपल्या वजनानं पडली तर ढिली, हातोडा लागला तर घट्ट. अंगठ्यानं गेली पायजे बघ." तेव्हापासून मी आकडे नंतर बघतो, आधी ही अंगठ्याची परीक्षा घेतो.

बुश ठोकताना त्याचं ग्रीसचं भोक निपलच्या (ग्रीस भरायच्या तोंडाच्या) भोकासमोर येतंय ना ते स्वतः बघा. आलं नाही तर वरून कितीही ग्रीस मारा, पिन कोरडीच राहते. स्टब ॲक्सलचा उभा खेळ शिम (पातळ चकत्या) घालून काढतात. आणि ग्रीस मारताना चाक हवेत ठेवा; गाडीचं वजन चाकावर असलं की ज्या बाजूला दाब आहे तिथेच ग्रीस शिरत नाही.

आर्मचे बुश तपासायला टॉमी घालून हलकं उचकटून बघा. रबर फुगलंय, चिरलंय किंवा मधली नळी एका बाजूला सरकली आहे असं दिसलं तर एकटा-दुकटा बदलू नका, दोन्ही बाजूंचे सगळे एकदम बदला. अँटीरोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) रबर त्याच वेळी. खर्च फार नाही आणि फरक लगेच जाणवतो.

हे सगळं करून गाडी एक महिना चालवा, अशी माझी मनापासून विनंती आहे. खाली बसवायची हौस असलेल्या माझ्या दोन मित्रांनी या टप्प्यावर पोचल्यावर स्प्रिंगेला हातच लावला नाही. त्यांना हवी होती ती रस्त्याला धरून चालणारी गाडी, आणि ती त्यांना मिळाली होती.

किती खाली?

ज्यांना तरीही पुढे जायचंय त्यांच्यासाठी. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते परिषदेच्या मापात स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. इतका लांबट उंचवटा कुठलीही फियाट सहज ओलांडते. आपल्या गल्ल्यांत रातोरात डांबर ओतून केलेले असतात ते उंचीला तेवढेच, पण रुंदीला हातभर. चाकं एका बाजूला उतरतात आणि चेंबर बरोबर टोकावर येतं. त्यात नोव्हेंबरपासून ऊस सुरू झाला की ट्रॉल्यांच्या चाकोऱ्यांनी रस्त्याचा मध्य वर येतो. हे डोळ्यासमोर ठेवून मी एकच नियम पाळतो : चार माणसं बसल्यावर सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून बारा सेंटिमीटरच्या खाली जाता कामा नये. बहुतेक गाड्यांत त्यातून पुढे २० ते २५ मिलिमीटर खाली यायला वाव मिळतो. म्हणजे एक इंच. ऐकायला थोडं वाटतं, पण मडगार्डखाली एक इंच कमी झाला की गाडीचा चेहरा बदलतो.

आणि स्प्रिंग काढण्याआधी तिच्या वेढ्यांत बघा. माझ्या गाडीत दोन्ही स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये काळ्या रबराचे जाड ठोकळे कोंबलेले निघाले, चिखलानं इतके माखलेले की वर्षभर दिसलेच नव्हते. आधीच्या मालकानं गाडी माल वाहायला वापरली असावी. ते काढल्याबरोबर पुढची बाजू आठ मिलिमीटर खाली आली. म्हणजे ती मूळ उंचीवर आली. खाली बसवणं अजून सुरूही झालं नव्हतं.

स्प्रिंगचा हिशोब

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक इथे होते. गाडी २५ मिलिमीटर खाली आणायची म्हणून तो स्प्रिंग २५ मिलिमीटर आखूड करतो. पण स्प्रिंग चाकावर उभी नसते, खालच्या आर्मच्या मध्येच कुठेतरी बसलेली असते. आर्मच्या आतल्या बिजागरीपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, मग त्याच बिजागरीपासून बाहेरच्या टोकापर्यंतचं. समजा १८ आणि ३० सेंटिमीटर आलं. गुणोत्तर ०.६. म्हणजे चाक २५ मिलिमीटर हलतं तेव्हा स्प्रिंग फक्त १५ मिलिमीटर हलते. २५ आखूड केली असती तर गाडी ४० मिलिमीटरच्या वर खाली बसली असती आणि पहिल्याच खड्ड्यात रबर बफरवर (आर्मचा शेवटचा दणका झेलणाऱ्या ठोकळ्यावर) आदळली असती.

हेच गुणोत्तर उलट्या बाजूनं वजनालाही लागू आहे. पद्मिनी जवळपास नऊशे किलोची, म्हणजे एका चाकावर सव्वादोनशे किलो. पण ०.६ च्या तरफेमुळे स्प्रिंगवर साडेतीनशे किलोच्या आसपास दाब असतो. काढताना ती सुटली तर काय होईल याची कल्पना या आकड्यावरून करा.

आता कडकपणा. खाली बसलेल्या गाडीला हलायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग थोडी कडक लागते. थोडी म्हणजे दहा-पंधरा टक्के. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १३ मिलिमीटरची तार १४ ची केली, एवढा नखभर फरक, तरी स्प्रिंग ३४ टक्के कडक होते. म्हणून "जरा जाड तार घाला" असं मोघम सांगून स्प्रिंग बनवून घेऊ नका. तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, चालते (वजनाखाली दबणारे) वेढे आणि मोकळी लांबी हे चारही आकडे लिहून द्या.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. तार १३ मिलिमीटर, वेढ्याचा मध्यव्यास १०० मिलिमीटर, चालते वेढे सात. अशी स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला साधारण चार किलो लागतात. साडेतीनशे किलोखाली ती सुमारे ८७ मिलिमीटर दबते. ती १५ टक्के कडक केली तर त्याच वजनाखाली सुमारे ७६ मिलिमीटरच दबेल, म्हणजे गाडी उलट वर येईल. हा ११ मिलिमीटरचा फरक आणि आपल्याला हवे असलेले १५, मिळून मोकळी लांबी २६ मिलिमीटर कमी लागेल. हे आकडे तुमच्या स्प्रिंगेचे नाहीत. तुमच्या गाडीतली स्प्रिंग काढून व्हर्नियरनं मोजा आणि हाच हिशोब पुन्हा मांडा.

शेवटची खात्री : चाक पूर्ण लोंबकळत असताना स्प्रिंगला वर-खाली जेवढी जागा मिळते, त्यापेक्षा तिची मोकळी लांबी जास्तच राहिली पाहिजे. नाहीतर खड्ड्यात चाक खाली गेलं की स्प्रिंग बैठकीतून निसटते.

कापलेल्या स्प्रिंगेबद्दल

माझ्या पहिल्या फियाटच्या स्प्रिंगा मी एका गॅरेजात गॅसनं कापून घेतल्या होत्या. दीड वेढा, अर्ध्या तासात काम, गाडी झकास बसली. पहिल्याच आठवड्यात तिचा दणका पाठीला बसायला लागला आणि सहा महिन्यांत डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली गेली. कारण नंतर समजलं. स्प्रिंगच्या पोलादाला ठरलेलं पाणी दिलेलं असतं, म्हणजे ते तापवून-थंड करून कणखर केलेलं असतं. गॅसची ज्योत लागली की त्या जागेचं पाणी उतरतं आणि तो भाग वजनाखाली हळूहळू बसत जातो. दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही. शिवाय सातातला एक वेढा कमी झाला की कडकपणा सुमारे १७ टक्के वाढतो, म्हणजे कडकपणा आपण ठरवलेला नसतो, तो आपोआप पदरात पडतो. आणि मूळ टोक घासून सपाट केलेलं असतं, कापलेलं टोक तसं बसत नाही. वेढ्यांना क्लॅम्प आवळून गाडी खाली आणणारेही आहेत. तो क्लॅम्प घाटात सरकला तर एक चाक एकदम वेगळ्या उंचीवर जातं. दोन्ही प्रकार करू नका. स्प्रिंग नवीनच करून घ्या, जोडीनं, एकाच तारेतून.

काढणं आणि बसवणं

पहिल्यांदा करत असाल तर आधी हे केलेला माणूस शेजारी हवा. दोन्ही बाजूंना चेसिसखाली स्टँड द्या, चाक काढा, खालच्या आर्मखाली जॅक लावून किंचित दाब घ्या. स्प्रिंगच्या मधून साखळी ओवून ती आर्मभोवती बांधा. स्प्रिंग निसटली तरी साखळीत अडकेल. स्प्रिंग कॉम्प्रेसर मिळत असेल तर तो वापराच. मग शॉकअप आणि अँटीरोल बारची कडी सोडा, ब्रेकच्या होजवर ताण येत नाही ना ते बघा. ड्रम होजवर लोंबकळू देऊ नका, तारेनं वर बांधून ठेवा. आर्मचा बोल्ट सोडून जॅक अगदी सावकाश खाली घ्या. तोंड स्प्रिंगच्या समोर कधीच नको, बाजूला बसून काम करा.

सगळं डिझेलनं धुऊन घ्या. स्प्रिंगच्या बैठकीत गंज असतोच. तारेच्या ब्रशनं खरवडा, पत्रा पातळ झालाय का ते हातोडीच्या टोकानं ठोकून बघा. आवाज भद्द आला तर आधी ती बैठक दुरुस्त व्हायला हवी. कोल्हापूरच्या पावसात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या गाडीत हे नेहमी सापडतं.

शॉकअप : जुने परत घालू नका. पुढचं मडगार्ड जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली पाहिजे, डुलत राहिली तर शॉकअप संपले. नवे घेताना पूर्ण मिटलेल्या अवस्थेतली लांबी मोजा. आर्म रबर बफरला टेकतो तेव्हा शॉकअपच्या दोन टोकांत जे अंतर उरतं, त्यापेक्षा ही लांबी किमान दहा मिलिमीटर कमी हवी. नाहीतर दणका बफरऐवजी शॉकअपच घेतो आणि फुटतो. बफर काढून टाकायचा नाही. फार तर त्याचा एक-तृतीयांश भाग छाटा.

आता या सगळ्यातली सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट. रबर बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळून टाकू नका. रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली उतरली की कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. शिवाय त्या पिळामुळे गाडी मुद्दाम वर धरली जाते आणि आपण बसतो स्प्रिंगला दोष देत. बोल्ट हातानं लावा, चाकं चढवा, गाडी जमिनीवर घ्या, पुढे-मागे ढकला, मडगार्ड दाबा, मग गाडीखाली सरपटत जाऊन शेवटचं आवळा. खड्डा किंवा रॅम्प असलेली जागा मिळाली तर सोपं जातं.

चाकांची दिशा

गाडी खाली आली की तीन गोष्टी बदलतात. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो, म्हणून चाकाचं डोकं आत झुकतं. हा कॅम्बर थोडा असेल तर वळणावर चांगलाच. घरी मोजायचा तर ओळंबा लावा. चौदा इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत साधारण ३८ सेंटिमीटर अंतर असतं. ओळंब्यापासून दोन्ही कडांच्या अंतरात साडेसहा मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. मी अर्ध्या ते एक अंशाच्या पुढे जाऊ देत नाही, आणि दोन्ही चाकं सारखी.

दुसरं कास्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कल. फक्त पुढची बाजू खाली घेतली की अख्खी गाडी पुढे कलते. फियाटच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर; पुढून २५ खाली म्हणजे ०.६ अंशाचा कल, आणि कास्टर तेवढाच कमी झाला. वळण संपल्यावर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येण्याची ओढ त्यामुळे कमी होते. आर्मच्या शाफ्टमागे शिम असतील तर त्यांनी ते भरून काढता येतं.

तिसरं टो. टायरॉडचा कोन बदलतो, चाकं आत किंवा बाहेर तोंड करतात. गाडीच्या दोन्ही बाजूंनी सुतळी बांधा, दोन्ही सुतळ्या एकमेकींना समांतर आणि हबच्या केंद्रांपासून सारख्या अंतरावर. मागचं आणि पुढचं चाक एका रेषेत नसतात, त्यामुळे पुढची दोन्ही अंतरं एकमेकांशी आणि मागची दोन्ही एकमेकांशी जुळवा. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. रेडियल टायरवर मी एकूण एक ते दोन मिलिमीटर टो-इन (चाकांची तोंडं आत) ठेवतो. नंतर मशीनवर तपासून घ्या, पण सुतळीचं माप आधी वहीत हवं.

वेळ असेल तर स्प्रिंग न घालता आर्म जॅकनं दहा-दहा मिलिमीटर वर-खाली करत टो किती बदलतो ते नोंदवा. बदल फार मोठा दिसला तर गाडी कमी खाली बसवा. स्टिअरिंगचा आर्म तापवून वाकवायला कुणी सुचवलं तर गाडी तिथून काढा. तो आर्म तुटला तर हातात फक्त चक्र उरतं.

टायरबद्दल एवढंच : मूळ ५.२०-१४ च्या क्रॉसप्लायवरून (जुन्या विणीच्या टायरवरून) रेडियलवर जात असाल तर चारी बदला. आणि नाक खाली गेलं की हेडलाइटचा झोतही खाली जातो, भिंतीसमोर उभी करून तो वर घ्या.

रस्त्यावर

पहिली फेरी गल्लीत, वीसच्या वेगानं, ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का ते बघत. मग रत्नागिरी रोडनं पन्हाळ्याकडे. वाघबीळची वळणं चढताना काच खाली ठेवा, आवाज ऐकू येतात. टायर आतल्या बाजूला घासल्याचा आवाज पूर्ण स्टिअरिंग तोडल्यावर येतो, तर बफरला टेकल्याचा ठोका सरळ रस्त्यावरच्या खड्ड्यात. वर पोचल्यावर हबला हात लावून बघा. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर त्या बाजूचं बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक धरतोय. ते ढिलं करा आणि नवी स्प्लिट पिन घाला, जुनी सरळ करून परत नको.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही आठवड्यांत चार-पाच मिलिमीटर बसतात, म्हणून पाचशे किलोमीटरनंतर वही घेऊन परत त्याच सपाट जागेवर जा. तेवढीच हवा, तेवढंच पेट्रोल. हबपासून मडगार्डपर्यंत चारी मापं घ्या, सगळे बोल्ट पुन्हा आवळा, टो तपासा, किंगपिनला ग्रीस मारा आणि तारीख लिहा.